लेना नदी आणि वर्खोयान्स्क पर्वत: नदी का वळली आणि डोंगरापलीकडे थंडी का वाढते

अकरावीला भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने तीन प्रश्न विचारले आहेत. सायबेरियातली लेना नदी बैकल सरोवराजवळून ईशान्येला निघते, मग काठावरच्या याकुत्स्क शहराच्या पुढे उत्तरेकडे का वळते? पूर्वेला पॅसिफिक असताना एवढा वळसा घालून आर्क्टिकला का जाते? आणि उजव्या हाताचा वर्खोयान्स्क पर्वत ओलांडल्यावर थंडी कमी होण्याऐवजी जास्त का होते? मुलांनी नकाशा बघून विचारलेले प्रश्न आहेत, आणि तिन्ही अगदी मुद्द्याचे आहेत. थंड प्रदेशातल्या नद्या हा माझ्या कामाचा विषय असल्यामुळे जरा मोकळेपणाने लिहितो.

आधी थोडक्यात. लेना वळते कारण तिच्यासमोर वर्खोयान्स्क उभा आहे. पण हा पर्वत बऱ्याच अंशी लेनाच्याच पूर्वज नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा बनलेला आहे. नदी आणि पर्वत हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले की हा धागा हातातून सुटतो. थंडीचं म्हणाल, तर ती डोंगराच्या उंचीमुळे नाही. डोंगरांनी वेढलेल्या खोलगट दऱ्यांमुळे आहे.

आता नकाशा समोर घ्या. लेनाचा उगम बैकल पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर, सुमारे १,६४० मीटर उंचीवर. बैकल सरोवर तिथून अगदी जवळ, पण रांगेच्या दुसऱ्या अंगाला. सरोवराचं पाणी अंगारा नदीतून येनिसेईला जातं. लेनाला त्यातला थेंबही मिळत नाही. 'लेना बैकल सरोवरातून निघते' असं मुलांच्या वह्यांत सर्रास सापडतं, तेवढं जरूर दुरुस्त करून घ्या. पुढे विटिम आणि ओल्योक्मा या मोठ्या उपनद्या उजवीकडून मिळतात. याकुत्स्कच्या वरच्या अंगाला काठावर चुनखडकाचे उंच सुळके ओळीने उभे आहेत, तेच 'लेनाचे खांब'. हा खडक कँब्रियन काळातला, म्हणजे ५० कोटी वर्षांहून जुना, आणि २०१२ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. याकुत्स्कनंतर उजवीकडून अल्दान येते, डावीकडून विल्युय. तिथून त्रिभुज प्रदेशापर्यंत हजार किलोमीटरहून अधिक अंतर लेना वर्खोयान्स्कच्या पायथ्याला समांतर वाहते. एकूण लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर, खोरं जवळपास २५ लाख चौरस किलोमीटर. भारताच्या क्षेत्रफळाचा तीन चतुर्थांश भाग एकाच नदीचं खोरं व्यापतं.

पर्वताचा आकारही नीट बघा. वर्खोयान्स्क सरळ रेषेत नाही. लेनाच्या मुखापासून दक्षिणेकडे आणि मग आग्नेयेकडे वळणारी सुमारे हजार किलोमीटरची ती कमान आहे, आणि कमानीचा फुगवटा नैर्ऋत्येला, म्हणजे नदीच्या बाजूला. सर्वांत उंच माथे २,४०० मीटरच्या आसपास. हिमालय डोक्यात ठेवून पाहिलं तर उंची किरकोळ वाटेल. पण पायथ्याचं मैदान समुद्रसपाटीपासून जेमतेम शे-दीडशे मीटर असल्यामुळे नदीला तेवढी भिंत पुरेशी आहे. अल्दानचा शेवटचा टप्पाही याच कमानीच्या कडेने वाहतो. कमानीची रेघ आणि दोन्ही नद्यांची रेघ एकमेकींना धरून जातात, हे मुलांना बोट फिरवून दाखवा.

हे असं का, याचं उत्तर खूप मागे जाऊन मिळतं. साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी इथे पर्वत नव्हताच. सायबेरियन प्लॅटफॉर्म हा जुना, टणक भूखंड इथे संपत होता आणि पूर्वेला समुद्र होता. दक्षिणेकडच्या, आजच्या बैकलच्या आसपासच्या पर्वतपट्ट्यातून मोठ्या नद्या निघून या भूखंडावरून वाहत आणि पूर्वेच्या समुद्रात गाळ टाकत. कोट्यवधी वर्षं हेच चाललं. समुद्रतळ गाळाच्या वजनाने खचत गेला, वर नवा गाळ साचत गेला, आणि थरांची जाडी १० किलोमीटरच्याही पुढे गेली.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. झिर्कॉन हे खनिज अतिशय चिवट असतं. मूळ खडक झिजून वाळू होते, वाळू हजारो किलोमीटर वाहत जाते, पण झिर्कॉनचा दाणा शाबूत राहतो. त्याच्यात थोडं युरेनियम असतं. त्याचं हळूहळू शिसं बनतं, आणि त्या प्रमाणावरून दाणा कधी घडला ते काढता येतं. वर्खोयान्स्कच्या वालुकाश्मांतल्या दाण्यांची वयं काढली तेव्हा त्यांचा मेळ सायबेरियाच्या दक्षिण सीमेवरच्या खडकांशी बसला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की लेनासारखी, खंड ओलांडून येणारी एक नदी इथे सुमारे २० कोटी वर्षं गाळ आणत होती. म्हणजे तेव्हाची 'लेना' पूर्वेच्या समुद्राला जात होती! मुलं विचारतात ना, नदी पूर्वेला का गेली नाही? एके काळी जात होती, हे त्याचं खरं उत्तर.

मग ज्युरासिक काळाच्या अखेरीस आणि क्रिटेशियसच्या पूर्वार्धात, ढोबळमानाने १६ ते १० कोटी वर्षांपूर्वी, पूर्वेकडून कोलिमा-ओमोलोन नावाचा भूखंड येऊन धडकला. मधल्या गाळाला जागाच उरली नाही. थरांना वळ्या पडल्या, थर तुटून एकमेकांवर चढले, आणि सगळा पट्टा पश्चिमेकडे रेटला गेला. हाच वर्खोयान्स्क. एवढं ओझं कडेला येऊन बसल्यावर समोरचा भूभाग वाकून खाली दबला आणि पर्वतापुढे एक लांबलचक खोलगट पट्टी तयार झाली. पूर्वेची वाट बंद झालेली नदी या पट्टीत उतरली आणि उताराप्रमाणे उत्तरेला निघाली. हिमालयापुढे गंगेचं मैदान ज्या प्रकारे तयार झालं तोच हा प्रकार, फक्त कितीतरी जुना. या पट्टीतल्या दलदलींत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा दगडी कोळसा झाला. लेनाचं कोळसाक्षेत्र ते हेच. सांगार या नदीकाठच्या गावात त्याची खाण होती.

ही रचना एकदा समजली की उपनद्यांचं कोडं आपोआप सुटतं. डावीकडची विल्युय भूखंडाच्या पठारावरून आरामात, वळणं घेत २,६०० किलोमीटर वाहते. वर्खोयान्स्कवरून थेट लेनाला येणाऱ्या उंद्युल्युंग, मेंकेरे, सोबोलोख यांसारख्या नद्या त्यामानाने तोकड्या, उताराच्या आणि दगडगोट्यांनी भरलेल्या. डोंगरातून सुटल्या की पायथ्याशी गोट्यांचे पंखे पसरतात आणि अनेक धारांत फाटतात. पायथ्याला हिमोढांच्या, म्हणजे हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगांच्या कमानीही आहेत, कारण जुन्या हिमयुगांत इथल्या हिमनद्या मैदानापर्यंत उतरल्या होत्या. मात्र शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, २० हजार वर्षांपूर्वी, इथे हिमनद्या फारशा नव्हत्या. मुलांना हे पटत नाही, पण हिमनदीला नुसती थंडी पुरत नाही, हिमवर्षाव लागतो. तेव्हा युरोपच्या उत्तरेकडे पसरलेल्या बर्फाच्या चादरीने अटलांटिकची ओल वाटेतच संपवली, आणि इथवर पोचलं ते कोरडं, गोठलेलं हवामान.

आजही ओल पश्चिमेकडूनच येते. याकुत्स्कला वर्षभरात जेमतेम २३०-२४० मिलिमीटर पाऊस आणि हिम मिळून पडतं. आकडा पाहिला तर हे वाळवंटच म्हणायला हवं, आणि प्रत्यक्षात आहे घनदाट अरण्य. कारण खाली जमीन कायमची गोठलेली. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो तेव्हा पाणी खोल मुरू शकत नाही, मुळांपाशीच राहतं, आणि लार्च त्यावर जगतो. हा सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पानं झाडतो. त्याची मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. वर्खोयान्स्कचा पश्चिम उतार येणारी ओल अडवतो, तिथे मैदानाच्या दुपटीहूनही जास्त वर्षाव होतो, आणि पलीकडच्या याना नदीच्या खोऱ्याला उरलंसुरलं मिळतं.

गोठलेल्या जमिनीची खोली किती, हे याकुत्स्कमध्येच पहिल्यांदा नीट कळलं. शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने १८२८ मध्ये तिथे विहीर खणायला घेतली. १८३६ पर्यंत ती ११६ मीटर खोल गेली तरी पाणी लागलं नाही, जमीन गोठलेलीच. पुढे १८४४ मध्ये मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याच विवरात वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं आणि एका फसलेल्या विहिरीतून एका विज्ञानशाखेचा पाया घातला गेला. आज याच शहरात गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करणारी मोठी संस्था आहे. लेनाच्या पात्राखाली मात्र जमीन बरीच खोलवर न गोठलेली आहे, कारण एवढ्या मोठ्या प्रवाहाची ऊब वर्षभर खाली पोचत असते. नकाशावर निळी दिसणारी रेघ जमिनीखालीही एक वेगळी पट्टी आखते.

डोंगरातल्या नद्यांना ही सवलत नाही, आणि त्यामुळे तिथे जे घडतं ते मला या सगळ्या प्रदेशात सर्वांत देखणं वाटतं. हिवाळ्यात उथळ नदी वरून गोठत जाते. गोट्यांच्या थरात अजून पाणी वाहतं आहे, वरून बर्फ जाड होतंय, खालून गोठलेली जमीन आहे. पाण्याची वाट चिंचोळी होत जाते आणि दाब वाढतो. शेवटी वरचं बर्फ फुगून उचललं जातं, तडकतं, आणि फटीतून पाणी वर येऊन पसरतं. उणे ४० च्या हवेत ते बघता बघता गोठतं. काही दिवसांनी पुन्हा तेच. थरावर थर चढून दरीच्या तळाशी तीन-चार मीटर जाड आणि कित्येक किलोमीटर लांब बर्फाचं पटांगण तयार होतं. याकूत लोक याला 'तारिन' म्हणतात. जुलैच्या सुरुवातीचं, निरभ्र दिवसाचं उपग्रहचित्र उघडून वर्खोयान्स्कच्या दऱ्या बघा, ही चित्रं फुकट मिळतात. उतारांवर बर्फ नाही, लार्च हिरवेगार, आणि दरीच्या तळाशी मात्र पांढरेशुभ्र डाग. नवखा माणूस त्यांना हिमनदी समजतो. फरक सोपा आहे: हिमनदी उंचावरच्या कोनाड्यात असते आणि खाली उतरते, तारिन नदीच्या पात्रात, सपाट तळावर असतं, आणि त्यातून नदीच्या अनेक धारा कोरून निघालेल्या दिसतात.

आता लेनाच्या पुराकडे. लेना दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, आणि यात तिचं वर्षभराचं वागणं ठरतं. वसंत दक्षिणेला आधी येतो. वरच्या भागात मेच्या सुरुवातीला बर्फ फुटतं, याकुत्स्कला मेच्या उत्तरार्धात, त्रिभुज प्रदेशाच्या तोंडाशी जूनच्या सुरुवातीला. म्हणजे वरून आलेलं पाणी आणि बर्फाचे तुकडे पुढे अजून घट्ट असलेल्या बर्फावर येऊन आदळतात. अरुंद वळणावर किंवा बेटांच्या दाटीत तुकडे अडकले की तात्पुरतं धरणच उभं राहतं आणि मागे पाणी चढतं. मे २००१ मध्ये लेन्स्क शहरात हेच झालं. हिवाळा कडक गेल्यामुळे बर्फ नेहमीपेक्षा जाड होतं. पातळी सुमारे २० मीटरवर गेली, शहराचा मोठा भाग बुडाला, हजारो घरं उद्ध्वस्त झाली. बर्फाचा बांध फोडायला लढाऊ विमानांतून बाँब टाकावे लागले.

पावसाळ्यात आपण धरणांच्या विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये ऐकतो, म्हणून त्याच मापात सांगतो. त्रिभुज प्रदेशाच्या वर, क्युस्युर इथे लेनाचा वर्षभराचा सरासरी विसर्ग पावणेसहा लाख क्युसेकच्या आसपास आहे. एप्रिलमध्ये त्याचा दहावा हिस्सा मुश्किलीने वाहतो. जूनमध्ये पूर शिगेला पोचतो तेव्हा तोच विसर्ग ३५ लाखांच्या वर जातो. वर्षाच्या पाण्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एकट्या जूनमध्ये जातो. गोठलेली जमीन पाणी मुरू देत नाही, भूजल फारसं नाही, त्यामुळे हिम वितळलं की सगळं एकदम नदीत. विल्युयवर १९६० च्या दशकात हिऱ्यांच्या खाणींना वीज देण्यासाठी बांधलेल्या धरणामुळे हिवाळ्यातला प्रवाह थोडा वाढला आहे, तरी मुख्य नदीचा स्वभाव बदललेला नाही.

हा पूर काठही वितळवतो. याकुत्स्कजवळच्या बेटांचं वरच्या अंगाचं टोक काही ठिकाणी वर्षाला दहा मीटरहून जास्त मागे सरकतं, कारण काठाची वाळू बर्फाने एकमेकींना चिकटलेली असते. पाण्याची ऊब लागली की ते बर्फ जातं आणि वाळू कोसळते. आपल्याकडच्या नदीत काठ खचतो तो मुख्यतः प्रवाहाच्या जोराने. इथे पाण्याचं तापमानही तेवढंच महत्त्वाचं. तापमान वाढतं आहे तसा हा भाग आणखी तपासून पाहावा लागणार आहे, आणि मला स्वतःला याची खरोखर काळजी वाटते. डोंगरापलीकडे, वर्खोयान्स्क गावापासून फार दूर नसलेल्या बातागाय इथे झाडं तोडल्यावर जमीन वितळायला लागली आणि आज तिथे सुमारे एक किलोमीटर लांबीची खोल घळ पडली आहे. ती अजून वाढतेच आहे.

राहिला थंडीचा प्रश्न. वर्खोयान्स्क गाव पर्वताच्या पूर्वेला यानाच्या दरीत आहे, समुद्रसपाटीपासून फक्त शंभरेक मीटर उंचीवर. याकुत्स्कचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३८ च्या आसपास, तर वर्खोयान्स्कचं उणे ४५. फेब्रुवारी १८९२ मध्ये तिथे उणे ६७.८ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. कारण हिवाळ्यात सायबेरियावर जड, स्थिर हवेचा उच्च दाब बसतो. आकाश निरभ्र, वारा नाही, सूर्य जेमतेम दिसतो. जमीन रात्रंदिवस उष्णता आकाशात फेकत राहते. थंड झालेली हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी जमते, आणि भोवतालचे डोंगर तिला बाहेर जाऊ देत नाहीत. पाठ्यपुस्तकातली तापमानाची विपरीतता ती हीच. फक्त आपल्याकडे ती एखाद्या पहाटेपुरती असते, इथे महिनोन्महिने टिकते. जानेवारीत दरीतून डोंगर चढायला लागलात तर वर वर थंडी कमी होत जाते. आणि समुद्र जवळ असल्याचा उपयोग नाही, कारण आर्क्टिक समुद्र हिवाळ्यात स्वतःच गोठलेला असतो आणि पॅसिफिकच्या बाजूला आणखी पर्वतरांगा आहेत.

हीच बंदिस्त दरी उन्हाळ्यात तापते. २० जून २०२० रोजी वर्खोयान्स्कला ३८ अंश नोंदले गेले, आणि जागतिक हवामान संघटनेने पुढच्या वर्षी या नोंदीवर शिक्कामोर्तब केलं. एकाच गावाच्या नीचांक आणि उच्चांकातलं अंतर १०५.८ अंश! फळ्यावर हे दोन आकडे एकाखाली एक लिहा आणि वजाबाकी मुलांनाच करू द्या.

शेवटचा टप्पा मुखाचा. समुद्राआधी डावीकडून चेकानोव्स्की टेकड्या आणि उजवीकडून वर्खोयान्स्कचीच खारौलाख रांग इतक्या जवळ येतात की मैदानात कित्येक किलोमीटर रुंद पसरलेली लेना दोनेक किलोमीटरच्या खोल नळीत शिरते. पुढे स्तोल्ब या खडकाळ बेटापाशी ती फुटते आणि सुमारे ३०,००० चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या जवळपास एक दशांश एवढा त्रिभुज प्रदेश पसरतो. त्या चक्रव्यूहात १८८१ मध्ये अमेरिकन 'जीनेट' मोहिमेचा प्रमुख डी लाँग आणि त्याचे बहुतेक सोबती उपासमारीने मरण पावले. त्यांचं जहाज न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेला बर्फात चिरडलं होतं. तीन वर्षांनी त्या जहाजाच्या वस्तू ग्रीनलँडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडल्या. सायबेरियाकडचं बर्फ ध्रुवाच्या बाजूने अटलांटिककडे सरकतं, हे त्यावरून नॉर्वेचा संशोधक नान्सेन याने ताडलं आणि १८९३ मध्ये 'फ्राम' हे जहाज मुद्दाम त्या बर्फात गोठवून घेतलं. लेनाने वाहून आणलेले लार्चचे ओंडकेही याच वाटेने जाऊन आइसलँडच्या किनाऱ्यांना लागतात.

वर्गात आकृती काढणार असाल तर आडवा छेद काढा, याकुत्स्कच्या बऱ्याच उत्तरेला, पश्चिमेकडून पूर्वेकडे. डावीकडे भूखंडाचे जवळजवळ आडवे थर, मध्ये खोलगट पट्टी आणि त्यात लेना, मग वळ्या पडलेले, पश्चिमेकडे झुकवून चढवलेले थर, आणि पलीकडे यानाची दरी. दरीच्या तळाशी निळ्या खडूने थंड हवा भरा. पश्चिम उतारावर पावसाचे बाण दाखवा, पूर्वेला कमी. मुख्य नकाशा त्याच्या शेजारी राहू द्या, म्हणजे कमान आणि नदी समांतर का आहेत ते छेदातूनच मुलांच्या लक्षात येईल.